जातं, मिलो आणि शेवटची भाकरी

बचत गटाची समन्वयक माईकपुढं बसली म्हणजे हप्ता, व्याज, नाहीतर बँकेच्या कागदपत्रांचं काहीतरी निघणार, असं तुम्हाला वाटलं असेल. आज तसं काही नाही. आज मला इतिहासावर बोलायचंय. घाबरू नका, लढाया आणि सनावळ्या पाठ करायला लावणार नाही. हा इतिहास चुलीपुढचा आहे. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघराचा आहे.

बी.ए.ला माझा इतिहास विषय होता. तीन वर्षांत राजे वाचले, तह वाचले, इंग्रजांचे कायदे वाचले. पण त्या राजांच्या फौजेला पीठ कोणी दळून दिलं, भाकरी कोणी थापली, पाणी कोणी आणलं, हे एकाही प्रश्नपत्रिकेत आलं नाही. गटाच्या कामाला लागल्यावर मी गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांशी बोलायला लागले, तेव्हा ध्यानात आलं, की त्यांच्या स्वयंपाकघरातल्या एकेका वस्तूला साल आहे. ही वस्तू कधी आली, ती कधी गेली, आणि तिच्या येण्याजाण्यानं बाईच्या दिवसाचं काय झालं, एवढं विचारलं तरी पुरे. इतिहास आपोआप बोलायला लागतो.

माझ्या आजीचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, बार्शीच्या बाजूचं. ज्वारीचा मुलूख. मी सुट्टीला जायचे ती साधारण पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माळवदाचं घर, आणि आत अंधारी स्वयंपाकाची खोली. भिंतीला मातीची चूल, शेजारी वैल. चुलीवर तवा आणि वैलावर कालवण, म्हणजे एकाच जाळात दोन कामं. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, वर शिंकं, खाली पाटा-वरवंटा. पीठ मळायला लाकडी काठवट. धान्याला कणगी. धुरानं काळं झालेलं आढं. आणि दाराच्या मागं, भिंतीला टेकवून ठेवलेलं, कोणी हात न लावलेलं जातं.

त्या जात्यापासूनच सुरुवात करू.

जातं

मी बघितलं तेव्हा ते जातं म्हातारं होऊन बसलं होतं. तूर भरडायची असली, नाहीतर घरात लग्न निघालं, तरच बाहेर यायचं. लग्नात त्याला हळदकुंकू लागायचं, बायका दोन मुठी दळायच्या, आणि पुन्हा ते दाराआड जायचं. पण आजी नवी नवरी होऊन आली तेव्हा त्या घराचा दिवस या जात्यावर उगवायचा.

हिशोब करून बघा. आठ-दहा माणसांचं घर. रोजची चार-पाच किलो ज्वारी. गव्हाचं पीठ चार दिवस चालतं, पण ज्वारीचं पीठ शिळं झालं की भाकरी थापताना चिरते, कडा फाटतात. म्हणून आठवड्याचं एकदम दळून ठेवायची सोय नाही. रोज पहाटे, कोंबडा आरवायच्या आधी, जात्यापुढं बसायचं. खुंटा धरायचा, मुठीनं वैरण घालायची आणि पाळी ओढत राहायची. दोन तास तरी जायचे. रोजचे दोन तास म्हणजे वर्षाचे सातशे तीस. आठ तासांचा एक दिवस धरला तर झाले नव्वद दिवस. म्हणजे बाई वर्षातले पुरते तीन महिने नुसती दळत होती. त्याची मजुरी नाही, नोंद नाही, आणि "तू दिवसभर करतेस काय?" हा प्रश्न आहेच.

जातं झिजलं की पीठ जाडंभरडं निघायचं. मग टाकी लावणारी बाई गल्लीतून हाळी देत यायची. छिन्नी-हातोडीनं दगडाला पुन्हा खाचा पाडून द्यायची आणि पसाभर ज्वारी घेऊन जायची. ती बाई आता कुठल्याच गावात दिसत नाही. जात्याबरोबर तिचं पोटही गेलं.

जात्यावरच्या ओव्या तुम्हाला ठाऊक आहेत. दळण जड, म्हणून बायका गायच्या. सासरचं बोलायचं ते, माहेरचं आठवायचं ते, देवाला आणि नवऱ्याला सुनवायचं ते, सगळं त्या अंधारात निघायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन हजाराहून अधिक गावांतून अशा ओव्या गोळा केल्या. भरल्या किती? एक लाखाच्या वर. कधीही पाटी-पेन्सिल हातात न घेतलेल्या बायकांनी रचलेलं एवढं मोठं भांडार दुसरीकडं शोधून सापडायचं नाही.

मग गावात गिरणी आली. डिझेल इंजिनावर चालणारी, टुक टुक आवाज करणारी. आजी सांगायची, आमच्या घरातले पुरुष आधी म्हणाले, गिरणीच्या पिठाला चव नाही, पीठ जळतं, भाकरी कोरडी होते. आजीच्या सासूनं ते ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मग उद्यापासनं तुमी दळा." दुसऱ्या दिवशी दळणाचा डबा गिरणीवर गेला.

आपल्या गावात वीज कधी आली, रस्ता कधी झाला, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरात सापडेल. गिरणी कधी आली, हे फार कमी ठिकाणी लिहिलेलं असेल. पण ज्या दिवशी गिरणी आली, त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरातल्या बाईला वर्षाचे तीन महिने परत मिळाले. माझ्या मते तो गावाच्या इतिहासातला फार मोठा दिवस आहे. आता त्या परत मिळालेल्या तासांत बाई निवांत बसली का? नाही बसली. ती शेतात गेली. पण तो हिशोब पुढं करू.

मसाल्याचा डबा

आजीच्या मिसळणाच्या डब्यात मिरची, हळद, जिरं, मोहरी. आपण म्हणतो, हे सगळं आपलं, पूर्वापार चालत आलेलं. हळद, जिरं, मोहरी जुनी आहेतच. पण मिरची? मिरची या मातीतली नाही. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोकांनी जहाजातून आणली. त्याआधी आपल्याकडं तिखटाला मिरी होती. म्हणजे ठेचा हा आपल्या जेवणातला तसा नवा पाहुणा आहे.

एकादशीची गंमत बघा. उपासाला आपण साबुदाण्याची खिचडी करतो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटाही तिकडचा, आणि त्याचं नावसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेलं. हिरवी मिरची तर आत्ताच सांगितली. म्हणजे खिचडीतलं जिरं आणि मीठ सोडलं तर सगळं समुद्रापलीकडून आलंय, आणि तरी ती देवाला चालते. कशी चालायला लागली? कुठल्या तरी काळात कुठल्या तरी बाईनं ती करून बघितली, शेजारणीला आवडली, आणि हळूहळू रीत पडली. त्यासाठी कोणी सभा भरवली नाही.

चहाचंही तसंच. आसामात इंग्रजांनी चहाचे मळे लावले ते एकोणिसाव्या शतकात. माल जायचा परदेशात. पुढं विसाव्या शतकात आपल्याच लोकांना चहाची सवय लागावी म्हणून चहावाल्यांनी मुद्दाम प्रचार केला, ठिकठिकाणी चहा पाजून दाखवला. आजीच्या लहानपणी पाहुण्याला गूळ-पाणी दिलं जायचं. आजीच्या म्हातारपणी चहा न देता पाहुणा परत गेला तर अपमान व्हायचा. एका आयुष्यात रीत बदलली.

हे मी का सांगतेय? "आपल्यात असंच असतं", "पूर्वीपासून चालत आलंय", ही वाक्यं आपण दिवसातून चार वेळा ऐकतो. स्वयंपाकघराचा इतिहास असं सांगतो, की तिथं पूर्वीपासून चालत आलेलं फार थोडं आहे. तिथं सारखं काहीतरी बदलत आलंय, आणि तो बदल बहुतेक वेळा बायकांनीच केलाय. हे लक्षात ठेवा, शेवटी याची गरज लागणार आहे.

मिलो

आता दुष्काळाकडं येऊ. आपल्या भागात जुनी माणसं वय सांगताना म्हणतात, "बहात्तरला मी एवढा होतो." साल म्हणजे बहात्तर, दुसरं नाव लागत नाही.

त्याच्याही आधी दुष्काळ पडलेच होते. १८७६-७७ सालचा दुष्काळ आपल्या सोलापूर, नगर, पुण्याकडच्या भागाला फार भोवला. तेव्हा इंग्रज सरकारनं दुष्काळी कामं काढली. त्यावर मजुरी काय, तर काही काळ दिवसाला एक पौंड धान्य आणि वर आणा-अर्धा आणा. एक पौंड म्हणजे आजचे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला ते पुरत नाही, हे कुठलीही बाई मोजमापाशिवाय सांगेल. इंग्रज साहेबाला मात्र ते समजायला वेळ लागला, आणि तोवर माणसं मेली. त्याच काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले आणि सत्यशोधक मंडळी दुष्काळग्रस्तांच्या मदतीला लागली होती. पुण्याजवळ धनकवडीला मुलांच्या जेवणाची सोय केली होती. सावित्रीबाईंनी १८७७ साली जुन्नरजवळच्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. सावित्रीबाई म्हटलं की आपल्याला शाळा आठवते. दुष्काळात भुकेल्यांसाठी गावोगाव राबणारी सावित्रीबाईही आठवायला हवी.

पुढं १९७२. आधीची दोन वर्षंही पावसानं हात आखडताच घेतला होता, आणि बहात्तरला तर त्यानं पाठच फिरवली. ज्वारी हातची गेली. कडबा गेला, म्हणून जनावरं गेली. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. सरकारनं राज्यभर दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी फोडणं. १९७३च्या मे महिन्यात या कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. त्यातली एक माझी आजी.

आजी तेव्हा पस्तिशीची असेल. ती खडीवर होती. दगड फोडायचा, ढीग लावायचा, मुकादम मोजणार आणि मस्टरवर अंगठा. डोळ्यात कच उडू नये म्हणून पदर ओढून बसायचं. दुपारी सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठाची, गोडसर, कोरडी. पदरात बांधून आणलेली सुकडी माझ्या वडिलांना आठवते. आम्हाला ते दुष्काळाचं एवढंच गोड सांगायचे.

आणि रेशनवर मिळायचा मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेहून आणलेली लाल ज्वारी. तिकडं ती मुख्यतः जनावरांना घालतात. आपल्या पांढऱ्याशुभ्र मालदांडीवर वाढलेल्या माणसांना ती लाल भाकरी घशाखाली उतरेना. पिठाला चिकटाई नाही, थापायला गेलं की तुटायची. आजी म्हणायची, "काठवटीत पीठ नव्हतंच, माती होती माती. पर लेकरास्नी काय माती म्हणून सांगायचं?" मग बायकांनी युक्त्या काढल्या. आधण उकळून त्या पाण्यात पीठ मळायचं, म्हणजे भाकरी धरते. कुठं हुलग्याचं पीठ मिसळ, कुठं मूठभर घरची ज्वारी. पोरांनी नुसतं खाऊ नये म्हणून वर लसणाचं तिखट. गिरणीचे पैसे वाचवायला दाराआडचं जातं पुन्हा ओढलं. दिवसा खडी फोडायची आणि पहाटे मिलो दळायचा. परत मिळालेले ते दोन तास दुष्काळानं असे पुन्हा काढून घेतले.

मिलोबरोबरच गाजरगवत आलं, असं आपल्याकडं सगळेच म्हणतात. परदेशी धान्यातून ते बी आलं असं मानतात हे खरं, पण त्याला बहात्तर साल लावणं बरोबर नाही. पुण्यात हे गवत १९५५च्या सुमारासच दिसलं होतं. मिलो बिचारा आधीच बदनाम, त्याच्या माथी आणखी एक आरोप कशाला?

या दुष्काळानं स्वयंपाकघराला आणखी एक वस्तू दिली, ती म्हणजे हापसा. आड आटले, तेव्हा खडकात खोल बोअर मारायची कामं गावागावांत वाढली. पण जुने ओतीव लोखंडाचे पंप गावाच्या गर्दीपुढं टिकायचे नाहीत, सारखे मोडायचे. जालना आणि सोलापूर भागात काम करणाऱ्या मिशनच्या लोकांनी मजबूत पोलादी पंप बनवले होते. त्यातल्या सोलापूरच्या पंपावरून पुढं 'इंडिया मार्क टू' हा हातपंप तयार झाला आणि देशभर गेला, नंतर परदेशांतही गेला. आफ्रिकेतली एखादी बाई आज हापसा मारत असेल, तर त्याचा धागा आपल्या सोलापूरशी जुळतो. हे पोरांना शाळेत सांगितलं पाहिजे.

मस्टर आणि लाटणं

बहात्तरच्या दुष्काळातून एक मोठी गोष्ट निघाली. वि. स. पागे नावाचे नेते होते, विधान परिषदेचे सभापती. "मागेल त्याला काम" हा विचार त्यांचा. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात विसापूरला १९६५ साली त्याचा प्रयोग झाला होता. दुष्काळात तो विचार राज्यानं उचलला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. पुढं २००५ साली सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचं मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे.

हे पुस्तकात आहे आणि असायलाच हवं. पण त्या कायद्याच्या मुळाशी कोणाचे हात होते? खडीवर बसलेल्या लाखो बायकांचे. आजी सांगायची, आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावानं मस्टरवर ओळ होती. शेतात ती जन्मभर राबली, पण तिथं ती "घरची" होती. मस्टरवर ती मजूर होती. पगाराचे पैसे तिच्या हातात पडले. ते घरातच गेले, हे सांगायला नको. पण आधी तिच्या हातात पडले.

त्याच वर्षात तिकडं मुंबईत काय चाललं होतं, ऐका. दुष्काळानं महागाई भडकली. तेल, साखर, रॉकेल मिळेना. तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर बायकांनी मिळून १९७२ साली महागाईविरोधी महिला समिती काढली. बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्याला लाटणं मोर्चा म्हणतात. ज्या लाटण्यावरून बायकांची चेष्टा होते, तेच लाटणं घेऊन त्या मंत्र्यांच्या दारात गेल्या. त्यांच्याच चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायका सावकाराच्या व्याजात बुडलेल्या होत्या. एकमेकींच्या हमीवर त्यांना बँकेचं कर्ज मिळालं. आज आपण गटात जे करतो, तेच.

म्हणजे बहात्तर साली एक बाई माळावर खडी फोडत होती आणि एक बाई मुंबईत लाटणं उगारत होती. दोघींची एकमेकींशी ओळख नव्हती. पण दोघींच्या काठवटीत पीठ कमी पडलं होतं.

शेवटची भाकरी

आता शेवटच्या गोष्टीवर येते. सगळ्यात कमी बोललं जातं ते हेच.

आजीच्या घरात जेवणाची पंगत ठरलेली. आधी आजोबा आणि चुलते. मग पोरं. मग सुना. आणि सगळ्यांचं झाल्यावर, चुलीतला जाळ ओढून, आजी. तिच्या पुढ्यात ताट क्वचित असायचं. तव्यातच भाकरीचा तुकडा, वर खरवडलेलं कोरड्यास. काठवटीत शेवटी उरलेल्या पिठाची ती एक बारकी भाकरी करायची, चानकी. ती माझी. गरम चानकी, त्यावर तेल-तिखट. त्या चवीचं मला अजून कौतुक आहे. पण आता मी आई आहे, आणि मला कळतं, की चानकी ज्या पिठातून झाली ते पीठ कोणाच्या वाटणीचं होतं.

मी एकदा तिला विचारलं होतं, "आजी, तू आमच्याबरोबर का जेवत नाहीस?" ती म्हणाली, "बाईनं आधी खाल्लं तर घराला बरकत राहत न्हाई." बहात्तरला काय होत होतं, ते तिनं फार उशिरा सांगितलं. मिलोच्या भाकरी मोजून व्हायच्या. पुरुषाला दोन, पोराला एक. तिची मोजणीतच नसायची. उरली तर तिची. नाही उरली तर सुकडीचा घास आणि तांब्याभर पाणी. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच खडी, कारण मुकादम ढीग मोजायचा, पोट मोजायचा नाही.

दुष्काळ गेला. पाऊस पडला, ज्वारी आली, गहू आला. रेशनवर तांदूळ आला. पंगतीचा क्रम मात्र तसाच राहिला. आजी घरात धान्याच्या राशी असतानाही शेवटीच जेवायची, आणि तिची सूनही. आज आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं सरकारचीच पाहणी सांगते. आरोग्य शिबिरात आपण लाल गोळ्या घेतो, त्या घ्यायलाच हव्यात. पण ताटात शेवटी जे उरतं त्यावर जगणाऱ्या बाईला नुसत्या गोळ्या किती दिवस पुरणार?

मागं एका गटाच्या बैठकीत मी विचारलं, "काल रात्री तुमच्या घरी शेवटी कोण जेवलं?" जवळजवळ सगळ्यांचे हात वर गेले. हसायला लागल्या. एक मावशी म्हणाल्या, "ताई, यात विचारायचं काय? ते तर पयल्यापासनंच हाय."

मी मघाशी म्हटलं होतं ना, लक्षात ठेवा म्हणून? आता बघा. जातं पहिल्यापासून होतं. ते गेलं. मिरची पहिल्यापासून नव्हती. ती आली. चहा नव्हता, आला. चूल होती, आता २०१६पासून उज्ज्वलाचा सिलिंडर पुष्कळ घरांत आलाय. तो भरायला परवडत नाही म्हणून चूलही पेटते, हे खरं, पण शेगडी घरात शिरलीये. ज्वारीची भाकरी गरिबाची म्हणत होते, आणि २०२३ साली जगानं भरडधान्यांचं वर्ष पाळलं, शहरातल्या हॉटेलांत आपली भाकरी महागाच्या ताटात जाऊन बसली. स्वयंपाकघरात इतकं सगळं बदललं. बदललं नाही ते एकच, शेवटी जेवणारी बाई. मग तेवढीच एक गोष्ट कशी काय "पयल्यापासनं" म्हणून राहील? जी बाई मिलोची भाकरी धरायला लावू शकते, तिला पंगतीची जागा बदलणं अवघड नाही.

त्या मावशींच्या गटानं मग एक ठरवलं. रोज जमणार नाही, म्हणून आठवड्यातून एक दिवस, गुरुवारी रात्री, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसायचं. भाकरी आधी करून दुरडीत झाकून ठेवायच्या आणि बाईनंही त्याच पंगतीत ताट घ्यायचं. पहिल्या गुरुवारी दोघी-तिघींच्याच घरी झालं. एकीचा नवरा म्हणाला, गार भाकरी कोण खाणार? तिनं उत्तर दिलं, "मी आजवर खाल्लीच की." पुढच्या गुरुवारी तो स्वतःहून पाट घेऊन बसला. एकीच्या सासूबाईंना पटलं नाही, अजून पटलेलं नाही. घरोघरी वेगळं चाललंय. पण आता त्या गटात बैठक सुरू होताना हप्त्याआधी विचारलं जातं, "गुरुवारी बसलात का?"

तुमच्या गटांसाठीही मी एक काम देऊन ठेवते. पुढच्या बैठकीला गावातली सगळ्यात म्हातारी बाई बोलवा. आजी असो, मावशी असो, कुठल्याही आळीची असो. तिला पाच प्रश्न विचारा. गावात गिरणी कधी आली? तुमच्या घरचं पाणी कुठून यायचं? बहात्तरला तुम्ही कुठल्या कामावर होता? मिलोची भाकरी कशी करत होता? आणि घरात शेवटी कोण जेवायचं? ती जे सांगेल ते गटाच्या वहीत मागच्या पानापासून लिहून काढा. लिहिणारी शाळेतली पोरगी असली तरी चालेल. तारीख घाला, सांगणारीचं नाव घाला. तिला हवं असेल तर अंगठाही घ्या, कारण या वेळी तिचा अंगठा तिच्याच गोष्टीखाली असेल.

पाचव्या प्रश्नावर ती बहुधा हसेल आणि म्हणेल, "मीच की गं, आणि कोण." तेही लिहा. आणि त्या दिवशी बैठकीला चहा-खाऊ आणला असेल, तर पहिला कप तिच्या हातात द्या.